फातिमाच्या टाकीचं पाणी

कोपरखैरणे,
९ नोव्हेंबर २०२५

कैनात,

पाकीट फाडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. मागे माझं नाव बघून तू ते तसंच कचऱ्यात टाकशील अशी मी स्वतःशी पैज लावली होती. हरल्याचा आनंद आहे.

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. योग्यच केलंस. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी या नात्यानं मी रोज जे पाठवतो ते बघता बाकीच्यांनीही तेच करायला हवं. तुझा कोइम्बतूरचा पत्ता उझमाकडून काढायला तीन आठवडे लागले. ऐरोलीला तिच्या बिल्डिंगखाली मी इतके चहा प्यायलो की टपरीवाला विचारायला लागला, "साहेब, कुठल्या कंपनीत लागलात?" शेवटी तुझ्या मैत्रिणीनं पत्ता दिला, पण एका अटीवर. मी फक्त तब्येतीचं लिहायचं.

तर तब्येतीचं. तुझ्या अब्बांच्या तीन नळ्या तुंबल्यात. मागे स्टेंट टाकला होता ती वेगळी, या नव्या. डॉक्टर बायपास करा म्हणतात, लवकर करा म्हणतात. कासिम म्हणतो, "थंडी जाऊ दे." जणू नवी मुंबईत थंडी नावाचं काही येतं. "कैनातला कळवू का?" असं मी विचारलं तर त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. टीव्हीवर प्लायवूडची जाहिरात होती. ती त्यानं शेवटपर्यंत मन लावून पाहिली.

घर तसंच आहे. समोरासमोर आमची दारं, दोन्हीकडे भाजी काय झाली ते वासावरून कळतं. अलीकडे त्याच्या दारातून वास येत नाही. तुझी उत्कर्षाकाकू डबा देते, तो अर्धा परत येतो. हॉलमधली ती तीन फुटी काचेची टाकी रिकामीच आहे. सध्या तिच्यात लाईटची बिलं, औषधांच्या पट्ट्या आणि एक मोडकी छत्री राहते. फातिमावहिनी गेल्या त्याला साडेचार वर्षं झाली, त्यांचे मासे गेले त्याला दीड. कासिम दुसरं दुःख जास्त बोलून दाखवतो, कारण पहिलं त्याला बोलता येत नाही.

मी एक ठरवलंय. त्या टाकीत परत मासे आणायचे. तेच, बोटाएवढे बुटके सिक्लिड, वहिनींच्या आवडीचे. माणूस निदान खुर्ची टाकून समोर तरी बसेल. मला मासे फक्त तळलेले समजतात हे तुला माहीत आहे, तरी.

तू ये. एवढंच लिहायचं होतं, त्याला दीड पान लागलं.

– उदयसिंहकाका


२३ नोव्हेंबर

कैनात,

तुझं उत्तर आलं. मोजून तीन वाक्यं. "अब्बांनी ते शब्द मागे घेतले तर येईन. आणि काका, त्या दिवशी जिन्यात मी तुम्हाला पाण्याबद्दल विचारलं होतं. आठवतं का?"

आधी पहिल्याबद्दल बोलू.

ते शब्द मी ऐकलेत. मी तिथेच उभा होतो. कासिम हॉस्पिटलातून स्टेंट टाकून घरी आला, टाकीत वहिनींचे चौदाच्या चौदा मासे नाहीत हे पाहिलं, आणि तुला म्हणाला, "आधी अम्मीला घालवलंस, आता तिचे मासे." तू लॅपटॉप आणायला रबाळ्याच्या ऑफिसात गेली होतीस, मग घरात तिघांना ताप आला, आणि कोविडच्या त्या लाटेत, एकवीसच्या एप्रिलमध्ये, वहिनी हॉस्पिटलातून परत आल्या नाहीत. तीन वर्षं त्या घरात हे कुणी उच्चारलं नव्हतं. मग चौदा माशांच्या निमित्तानं बाहेर आलं. माणूस असं बोलतो आणि नंतर ते तोंडातून कसं निघालं म्हणून तोंडाकडेच संशयानं बघतो. पण मागे घेत नाही. कासिमच्या खानदानात बोललेलं मागे घ्यायची सोय नाही. आमच्या साताऱ्याकडेही नाही, पण आम्ही निदान विसरल्याचं नाटक करतो.

आता मासे. तो चेकअपला गेला होता तेव्हा मी किल्लीनं दार उघडलं, छत्री काढली, टाकी धुतली, भरली आणि दिपेशच्या दुकानात गेलो. दिपेश म्हणजे स्टेशनजवळचा मासेवाला. तळायचे नव्हे, बघायचे. त्यानं मला रॅम नावाचे चार दाखवले. निळे, सोनेरी, वर ठिपके. लग्नाच्या हॉलला लाइटिंग करतात तसे. "अंकल, इम्पोर्टेड पीस आहे. हात लावताच विकला जातो." मी घेतले.

कासिम घरी आला. टाकीसमोर उभा राहिला. पाच मिनिटं वाकून बघत होता. माझा ऊर भरून येत होता.

मग म्हणाला, "हे मासे हायत की ब्युटी पार्लर?"

"छान रंग आहेत ना?"

"हार्मोन चारलेत त्यांना. दुकानात चमकावं म्हणून. आणि पाणी कधी भरलंस?"

"सकाळी."

"सकाळी! अरे सेक्रेटरी, नव्या पाण्यात सिक्लिड सोडतात काय? पाणी महिनाभर मुरावं लागतं. पंधरा दिवस देतो मी यांना."

दीड वर्षात तो माझ्याशी इतकं लांब पहिल्यांदा बोलला. शिव्या होत्या, पण वाक्यं पूर्ण होती. उत्कर्षा म्हणाली, "चार मासे मरायला आणून एक माणूस बोलता केलास. वाईट नाही."

दुसऱ्या प्रश्नाचं असं आहे की दीड वर्ष झालं. माझं वय झालं. जिन्यात मला रोज कुणी ना कुणी पाण्याबद्दल विचारतंच.

– काका


१४ डिसेंबर

कैनात,

तुझं पत्र. या वेळी एकच शब्द: "आठवा." बाई, तू पंपाच्या कंपनीत वाया जातेयस, तू वकील व्हायला हवी होतीस.

रॅम अकराव्या दिवशी गेले. कासिमचा अंदाज चार दिवसांनी चुकला याचं त्यालाच वाईट वाटलं. पण आता टाकी त्यानं हातात घेतलीय, मला नोकर ठेवलाय. पहिलं काम, जंगली बदामाची गळलेली पानं गोळा करणं. पानं पाण्यात टाकली की पाणी हलक्या चहासारखं होतं, थोडं आंबटसर, या माशांना तसं लागतं म्हणे. म्हणून मी, या सोसायटीचा सेक्रेटरी, सकाळी उद्यानाबाहेरच्या फुटपाथवर वाकून पानं निवडतो. किडलेलं नको, हिरवं नको, कुत्र्यानं भिजवलेलं तर अजिबात नको. परवा आपल्या बिल्डिंगमधल्या वर्तकबाई म्हणाल्या, "स्वच्छता अभियान का, साहेब? फोटो काढू?" मी काढू दिला. ग्रुपवर चाळीस अंगठे आले. आपल्या लोकांना अंगठा द्यायला कारण लागत नाही, हे मला फार पूर्वीपासून माहीत आहे.

काल कासिमला दिपेशकडे घेऊन गेलो. रिक्षात धापा टाकत होता, पण आला. दुकानात स्टूल मागून घेतलं आणि ॲपिस्टोंच्या टाकीसमोर तासभर बसला. ॲपिस्टो म्हणजे वहिनींचेच ते, लहान असताना मातकट दिसतात. मी म्हटलं, "हे? यांना रंगच नाही."

"फातिमा म्हणायची, रंग नंतर येतो. आधी पोट बघ. खपाटीला गेलेलं नको. कल्ले बघ, धापा टाकत असला तर नको." स्वतः धापा टाकत हे सांगत होता. "आता अळ्या टाकायला सांग त्याला."

दिपेशनं अळ्या टाकल्या. एक मासा झेपावला.

"तो घेऊ?"

"नको. पहिला धावतो तो बाकीच्यांना जगू देत नाही. त्याच्या मागचा बघ. आणि तो कोपऱ्यातला, जो खात नाही पण आपल्याकडे बघतोय, तो पण दे."

दिपेश कंटाळला. "अंकल, स्थळ बघायला आलाय का?"

"स्थळ बघायला कोण एवढा वेळ देतो?" कासिम म्हणाला.

सहा घेतले. जोडी आपण लावायची नाही, सहांमधून त्यांची ती जमते, उरलेले परत द्यायचे. हा वहिनींचा नियम. त्या आठवीला विज्ञान शिकवायच्या, पण घरात त्यांनी खरं शिकवलं ते एवढंच असावं. येताना रिक्षात माशांची पिशवी मांडीवर धरून तो म्हणाला, "कैनातला हे जमायचं. तिचा डोळा तिच्या आईचा हाय." मग पिशवी डोळ्यांसमोर धरली. बोनकोड्याच्या वळणापर्यंत मासेच बघत होता.

मला वाटलं हे तुला कळवावं.

– काका


४ जानेवारी २०२६

कैनात,

बायपासची तारीख ठरली. २ फेब्रुवारी. त्यानं होकार दिला, कारण डॉक्टर म्हणाले, "आता मी विचारत नाहीये."

सहांमधली जोडी जमली. मादी हळदीसारखी पिवळी झालीय, अंगावर काळ्या खुणा आल्यात. अर्ध्या करवंटीत अंडी घातलीत आणि कुणाला जवळ फिरकू देत नाही. नर तिच्या दुप्पट आहे, पण पानामागे लपून बसतो. कासिम म्हणतो या दिवसांत पाणी किती गरम ठेवतो त्यावर पिल्लांत नर जास्त की माद्या जास्त हे ठरतं. वहिनींनी हे मला एकदा सांगितलं होतं, आणि वर ताकीद दिली होती, "भावजी, बिल्डिंगमध्ये बोलू नका, लोक सुनांना गीझरखाली बसवतील."

असो. मला हे लिहायचं नव्हतं.

कासिम रोज पाणी तपासतो. नळाचं, टाकीचं. थेंब टाकतो, रंग बघतो, वहीत लिहितो. काल मी समोर बसलो होतो. तो म्हणाला, "उदय, बघ. नळाचं पाणी तेव्हा पण असंच होतं. हॉस्पिटलातून आलो त्या दिवशी मी तपासलं होतं. मऊ. एकदम चांगलं. मग मासे मेले कसे?"

मी म्हटलं, "होतं असं."

"चौदाच्या चौदा? एका रात्रीत? पोरीनं फिनाइलची बादली वापरली असणार. की साबणाचे हात घातले? तिला माहीत होतं सगळं. फातिमानं शिकवलेलं. मग तिनं काय केलं असेल? टाकीतलं पाणी ठेवलं असतं तर कळलं असतं. धुऊन टाकलं तिनं. का धुतलं? सांग ना, का धुतलं?"

दीड वर्ष हा माणूस हेच करतोय, कैनात. मला वाटायचं तो तुझ्यावर चिडलाय. तो तुझ्यावर खटला चालवतोय, रोज, आणि रोज त्याला पुरावा कमी पडतोय. मधेच म्हणतो, "नसेल केलं काही." मग परत थेंब टाकतो.

मी चहा अर्धा ठेवून उठलो. घरी आलो तर उत्कर्षा म्हणाली, "काय झालं? तोंड असं का?" मी म्हटलं, "ॲसिडिटी."

पुढचं पत्र लवकर लिहीन.

– काका


१८ जानेवारी

कैनात,

लवकर लिहीन म्हणालो आणि दोन आठवडे घेतले. चार पत्रं लिहून फाडली. त्यात विनोद बरे होते.

मला आठवतं. तू विचारलंस ते.

मे महिना होता. पाइपलाइनच्या कामासाठी कॉर्पोरेशननं तीन दिवस पाणी बंद ठेवलं होतं. आपल्या बिल्डिंगमागे जी बोअर आहे ती सगळ्यांनी मीटिंगमध्ये हात वर करून बंद करायला लावली होती, कारण खाडी जवळ, पाणी खारट. मी ती उघडली. कुणाला न विचारता. पंप बघणारा ज्ञानू बोनकोड्याचा, त्याला खाडी माझ्यापेक्षा जास्त कळते. तो म्हणाला, "सायेब, खारा पानी हाय त्यो. चालनार नाय." मी म्हटलं, "अर्धं ते, अर्धं गच्चीवरच्या टाकीतलं शिल्लक. कुणाला कळतंय? प्यायला सगळ्यांकडे फिल्टर आहेत."

का केलं? अख्ख्या सेक्टरला पाणी नव्हतं आणि माझ्या बिल्डिंगला होतं, म्हणून. शेजारच्या सोसायटीचा सेक्रेटरी हातात बादली घेऊन माझ्याकडे आला होता. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "याला म्हणतात प्लॅनिंग!" खाली अंगठ्यांची रांग. वर्तकबाई म्हणाल्या साबणाला फेस येत नाही, तर मी म्हटलं हल्ली साबणातच भेसळ असते. तीन दिवस मी जिन्यात उगाच चढउतार करत होतो, कुणी भेटावं आणि कौतुक करावं म्हणून.

तशात तू भेटलीस. हातात वहिनींची ती टाकी उपसायची निळी नळी होती. म्हणालीस, "काका, पाणी जरा वेगळं लागतंय हाताला. आज माशांच्या टाकीचं अर्धं पाणी बदलायचा दिवस आहे. कॉर्पोरेशनचंच आहे ना?" माझ्या बाजूला समितीचे दोघं उभे होते. मी म्हणालो, "अगं, सगळ्या बिल्डिंगमध्ये तूच पहिली शंका काढलीस. कॉर्पोरेशनचंच, साठवलेलं. बिनधास्त बदल." ते दोघं हसले. तू पण हसलीस. सॉरी म्हणालीस.

सकाळी सगळे मासे तळाला होते. तू रडत माझं दार वाजवलंस. ज्ञानू खालून वर आला होता, त्यानं टाकीत बोट बुडवून चाटलं आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याला खाली पाठवला, बोअर बंद करायला आणि तोंडही. आणि तुला म्हणालो, "हे पाणी काढून टाकू, वास येईल." बादली मी आणली. टाकी आपण दोघांनी धुतली. ज्या धुण्याबद्दल तुझा बाप दीड वर्ष तुला विचारतोय ते माझं डोकं होतं. मला तेव्हा नीट माहीत होतं मी काय धुतोय.

दोन दिवसांनी कासिम आला. नळाला चांगलं पाणी आलं होतं. तो तुला बोलला तेव्हा मी दोन पावलांवर होतो. वाटलं, आत्ता नको, नुकता स्टेंट बसलाय, उद्या शांतपणे सांगू. उद्या तू बॅग घेऊन उझमाकडे गेलीस. मग वाटलं, आता सांगून काय होणार. या वाटण्यावर मी दीड वर्ष काढलं. पानं वेचली, मासे आणले, तुला तब्येतीची पत्रं लिहिली. सगळं केलं, तेवढं एक सोडून.

तू पहिल्याच पत्रात विचारलंस तेव्हा मला कळलं की तुला शंका आहे. मग तू हे अब्बांना का सांगितलं नाहीस? की सांगितलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो, हे तू ओळखलं होतंस? ओळखलं असशील. मी नाहीच म्हणालो असतो.

माफी मागत नाही. तुझ्याकडे मागायच्या आधी ती ज्याच्याकडे मागायला हवी तो मला रोज समोरच्या दारात भेटतो. उद्या त्याला सांगतोय.

– उदयसिंह


२५ जानेवारी

कैनात,

सांगितलं. उद्या म्हणालो होतो, पाच दिवस लागले. शनिवारी सकाळी.

तो खुर्चीत होता. अंडी फुटलीत, पिल्लं पोहायला लागलीत. टाचणीच्या डोक्याएवढी, पन्नास-साठ. पिवळी मादी त्यांना कळपासारखी पुढे नेत होती. तो बघत होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, बोअर, ज्ञानू, जिना, बादली. बसलो असतो तर जमलं नसतं.

त्यानं मान वळवली नाही. विचारलं, "अर्धं बोअरचं?"

"अर्धं."

"आणि तिनं अर्धं बदललं." बोटांवर काहीतरी हिशोब केला. "हं. मरणारच."

मी म्हटलं, "कासिम, शिव्या दे."

"देईन. आज वेळ नाही." आवाज एकदम साधा. "म्हणजे तिनं काही केलं नव्हतं."

"नाही."

"तिनं तुला विचारलं पण होतं."

"हो."

मला वाटलं होतं, आता तो फोन उचलेल. खरं सांगितलं की दार उघडतं असं मी धरून चाललो होतो. मीच फोन पुढे केला. "घे. उझमाला लावलाय, ती तिच्या फोनवरून कैनातला जोडून देते."

त्यानं फोन माझ्या हातासकट बाजूला केला. म्हणाला, "उदय, तिची चूक होती म्हणून मी बोललो, एवढं तरी माझ्याकडे होतं. रोज तेच धरून बसायचो. ते पण घेतलंस तू. आता कुठल्या तोंडानं फोन करू?"

मग त्यानं मला एक गोष्ट सांगितली. ती तुला सांगू नकोस असं तो म्हणाला नाही. विसरला असेल, पण मी आता कुणाच्या विसरण्याचा फायदा घ्यायचा नाही असं ठरवलंय, म्हणून लिहितोय. एकवीसच्या एप्रिलमध्ये ताप आधी त्याला आला होता. तू ऑफिसला गेलीस त्याच्या दोन दिवस आधी. गोळी घेतली, घरात कुणाला सांगितलं नाही, वहिनींच्या शेजारी बसून जेवला. "घाबरेल म्हणून नाही सांगितलं," म्हणाला. "मग सांगायची वेळच गेली." कुणाकडून कुणाला गेलं हे कुणालाच कळणार नाही. पण तुला ते वाक्य बोलताना त्याला हे माहीत होतं.

पंचवीस वर्षं समोरासमोर राहतोय, एकमेकांचा इतका सारखेपणा आधी कधी लक्षात आला नव्हता.

उठताना त्यानं बजावलं, "ऑपरेशनचं तिला कळवायचं नाही. येईल, आणि मला बघून कीव करेल. ते नको." मी म्हटलं, ते नोव्हेंबरातच कळवलंय. तेव्हा त्यानं शिवी दिली. एकच, पण राखून ठेवलेली.

सोमवारी, २ तारखेला, वाशीला ऑपरेशन. फोन तो करणार नाही. शब्द मागे घेणार नाही, कारण त्याच्या मते आता ते घ्यायची लायकीही त्याच्याकडे उरली नाही. तुझी अट पुरी होत नाही. तरी ये. हे माझ्या सांगण्यावरून करू नकोस, माझ्या सांगण्यावरून तू एकदा काय केलंस ते आपल्याला माहीत आहे.

मी सेक्रेटरीपद सोडलं. राजीनाम्यात कारण लिहिलं, बोअर. ग्रुपवर पहिला मेसेज वर्तकबाईंचा आला: "म्हणजे माझा साबण चांगला होता."

– उदयसिंह


ऐरोली,
६ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी

कैनात,

हे पोस्टानं पाठवायला वेळ नाही. उझमाच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे देतोय. त्याच्याच खुर्चीत बसून लिहितोय, म्हणून अक्षर असं.

काल तू हॉस्पिटलात आलीस. मला बघून मान हलवलीस, बोलली नाहीस, ते बरोबर होतं. मी पलंगाच्या पायाशी सरकलो. तू त्याच्या उशाशी बारा मिनिटं उभी होतीस. चादर नीट केलीस. सिस्टरला विचारलंस, "झोप लागते का त्यांना?" ती म्हणाली, "आत्ताच लागली वाटतं." मग तू गेलीस.

तो झोपला नव्हता.

तू काचेच्या दारातून आत येताना त्यानं तुला पाहिलं आणि डोळे मिटले. मी समोर होतो, मला दिसलं. उशाशी ते मशीन असतं ना ठोके दाखवणारं, त्यावर ब्याऐंशी होते. तू चादरीला हात लावलास तेव्हा एकशे दहा झाले. सिस्टर धावत आली, तुला वाटलं असेल काही बिघडलं.

तू लिफ्टपाशी पोचलीस तेव्हा त्यानं विचारलं, "गेली?"

मी म्हटलं, "हो."

"बारीक झालीय काय रे?"

"डोळे उघडून बघायचं होतंस."

"नाय जमलं." बराच वेळ श्वास गोळा करत होता. "हात तिच्या आईसारखा थंड हाय." मग म्हणाला, "मी जागा होतो ते तिला सांगू नको. कसम हाय तुला."

मी मान हलवली. सवय आहे.

डॉक्टरांना सकाळी भेटलो. छातीत पाणी झालंय. ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात आणि त्याच दमात "बघू" म्हणतात. मी नीट विचारलं, तर म्हणाले, ज्यांना भेटायचं असेल त्यांनी भेटून घ्या. हे मी जसंच्या तसं लिहिलंय, काही वाढवलं नाही, कमी केलं नाही.

उझमा म्हणाली तुझं विमान रविवारचं आहे. भेटीची वेळ चार ते सहा. आज मी तिथे नसेन, खाली गेटपाशी थांबेन, तुला संकोच नको.

तू आत गेलीस की तो परत डोळे मिटेल. मिटू दे. झोपलाय असं समजून निघू नकोस. खुर्ची ओढून बस आणि जे काय बोलायचं असेल ते बोल, शिव्या असल्या तरी. त्याला सगळं ऐकू येतं.

– उदयसिंह